हाय टॉर्क, लो टॉर्क आणि दादाची गाडी

दादा जाऊन चार वर्षं झाली. त्याची राजदूत ३५० तेव्हापासून अँटॉप हिलला आमच्या इमारतीच्या जिन्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. गेल्या जूनमध्ये पुतण्या म्हणाला, "काका, बाबांची गाडी सुरू करू या. पण करायचीच तर ब्लॉक घासून सरळ एचटी करून घेऊ. एलटी म्हटलं की माणसं तोंड फिरवतात." त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. तरी मी त्याला थांबवलं. ब्लॉकमधलं लोखंड एकदा घासून काढलं की परत भरता येत नाही. आधी समजून घेऊ आणि मग घासू, एवढंच मी म्हणालो. त्या समजून घेण्यात पावसाळा गेला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. मी इंजिनिअर नाही, शिक्षण वाणिज्य शाखेचं. यंत्रांचं जे काही कळतं ते जुनी मॅन्युअलं वाचून आणि गॅरेजांच्या बाकड्यांवर बसून कळलेलं आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. यामाहाने जपानमध्ये १९७३ साली आरडी ३५० ही मोटारसायकल आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, ताकद ३९ अश्वशक्ती. यामाहाच्या शर्यतीच्या गाड्यांशी तिचं नातं सख्खं होतं. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर ही मापं त्यांच्या टीझेड ३५० या शर्यतीच्या गाडीचीही होती. म्हणून ‘आरडी’चा अर्थ लोकांनी ‘रेस डिराइव्ड’ असा लावला. पुढे आपल्याकडच्या पोरांनी त्याचं ‘रॅपिड डेथ’ केलं, आणि काही घरांत तो अर्थ दुर्दैवाने खराही ठरला.

जपानमध्ये ही गाडी १९७५ नंतर बंद झाली. तिच्या जागी आरडी ४०० आली, १९८० मध्ये पाण्याने थंड होणारी आरडी ३५० एलसी आली. आपल्याकडे मात्र एस्कॉर्ट्सने फरिदाबादच्या कारखान्यात १९८३ साली तीच जुनी, हवेवर थंड होणारी गाडी बनवायला घेतली आणि तिला नाव दिलं राजदूत ३५०. राजदूत म्हणजे तोवर दूधवाल्यांची, तलाठ्यांची १७५ सीसीची गाडी, मूळ पोलंडच्या एसएचएलची. त्याच नावाखाली ही दुसरी गाडी आली म्हणजे भजनी मंडळाच्या फलकाखाली तोफ ठेवल्यासारखं होतं. त्या वेळी बुलेट ३५० ची ताकद १८ अश्वशक्ती आणि येझदी रोडकिंगची १६. राजदूत ३५० ची ३०.५. किंमत अठरा हजारांच्या घरात. आमच्या सीजीएस कॉलनीत, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या वसाहतीत, अठरा हजारांची मोटारसायकल ही फक्त बघायची वस्तू होती.

आता वादाचं मूळ. १९८५ च्या सुमारास कंपनीने याच गाडीचं इंजिन आणखी मवाळ केलं आणि ताकद २७ अश्वशक्तीवर आणली. कारण उघड होतं, गाडी पेट्रोल फार पीत होती. १९८५ हे हिरो होंडा सीडी १०० चं वर्ष. लिटरला ऐंशी किलोमीटरची भाषा लोकांच्या कानी पडू लागली होती, आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० देखील आली. पहिल्या गाड्यांना मग हाय टॉर्क, म्हणजे एचटी म्हणू लागले, आणि नंतरच्यांना लो टॉर्क, एलटी. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक आहे तो सिलिंडरच्या आतल्या खिडक्यांत आणि सायलेन्सरच्या पोटात. १९९० च्या आसपास दोन्ही बंद पडल्या. वाद मात्र चालू राहिला.

तो मी पहिल्यांदा ऐकला कोळीवाड्याला, म्हणजे आजच्या गुरू तेग बहादूर नगरला, एका गॅरेजात. फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाबी कुटुंबांमुळे त्या भागात ट्रक आणि मोटारींची कामं करणारे पुष्कळ. त्या गॅरेजच्या उस्तादांसमोर रविवारी तीन पक्ष बसत. पहिला म्हणे, खरी गाडी जपानी, ३९ अश्वशक्तीची आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली. बाकी सगळ्या नकला. दुसरा पक्ष एचटीचा आणि सगळ्यांत मोठा. तिसरा एलटीचा, ज्यात बहुतेक वेळा दादा एकटाच असे. त्याने १९९१ मध्ये सेकंडहँड घेतलेली गाडी एलटी निघाली होती, त्यामुळे त्याच्या मताला कोणी मत मानत नसे. "जी पदरात पडली तिची बाजू घेतोय," असं म्हणून हसत. मीही हसत असे.

वाद समजून घ्यायचा तर टू-स्ट्रोकचं एक गुपित कळायला हवं. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे वाल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कापलेल्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो नि झाकतो. जळालेला वायू एका खिडकीतून बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण दुसरीतून आत येत असतं. साहजिकच थोडं ताजं मिश्रणही न जळताच सायलेन्सरकडे पळतं. टू-स्ट्रोक पेट्रोल पिते ती इथे.

पळालेलं हे मिश्रण परत आत ढकलायची युक्ती पूर्व जर्मनीत पक्की झाली. वाल्टर काडेन हा एमझेड कारखान्याचा इंजिनिअर. युद्धकाळात तो क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. एक्झॉस्टचा पाइप सरळ नळीसारखा न ठेवता त्याला मधे फुगवटा देऊन पुढे निमुळता केला, तर वायूच्या दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून मागे फिरते आणि पळू पाहणारं मिश्रण सिलिंडरमध्ये परत दाबते, हे त्याने प्रयोग करून शर्यतीत उतरवलं. सप्टेंबर १९६१ मध्ये एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. त्याच सुमारास त्याच्या बायकामुलांना मोटारीच्या डिकीत लपवून पश्चिमेत आणलं गेलं. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. १९६४ मध्ये यामाहाने २५० सीसीचं मिळवलं. आमच्या जिन्याशेजारच्या गाडीच्या पोटात बर्लिनच्या भिंतीच्या वर्षाची गोष्ट आहे, हे कळलं तेव्हा मी काही दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

या युक्तीची मेख वेळेत आहे, आणि तिचा हिशेब कोणालाही करता येतो. इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल तर अर्ध्या फेऱ्याला साधारण ४.३ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टची खिडकी जवळपास तेवढाच वेळ उघडी असते. तापलेल्या वायूत दाबाची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. म्हणजे त्या वेळात तिचा जाऊन-येऊन प्रवास दोन मीटरांच्या आसपास. पाइपमधला परतीचा टप्पा मीटरभर अंतरावर असेल तर लाट नेमकी खिडकी झाकायच्या बेताला पोचते. आता इंजिन साडेतीन हजारांवर आणा. वेळ दुप्पट झाला, लाट मात्र तेवढ्याच वेगाने येते आणि फार लवकर पोचते. तिचा उपयोग तर होत नाहीच, उलट ती घोळ घालते. म्हणून अशा गाड्या खालच्या फेऱ्यांत मरगळलेल्या वाटतात आणि एका आकड्यानंतर अचानक मागून कोणी लाथ घातल्यासारख्या उसळतात.

एक्झॉस्टची खिडकी जितकी उंच कापाल तितकी ती लवकर उघडते. मग वरच्या फेऱ्यांत ताकद वाढते आणि खालच्या फेऱ्यांत कमी होते. खिडकी बुटकी ठेवली, बाहेरची वाट आवळली, की उलटं होतं. एचटी आणि एलटीतला झगडा मुळात हाच आहे. त्यामुळे ‘लो टॉर्क’ हे नावच मला दिशाभूल करणारं वाटतं. कमी झाला तो वरचा उसळता भाग. रोजच्या वापरात, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेंगाळताना, एलटी समजूतदार गाडी आहे. दादा हेच सांगत असे. त्याला दाबाच्या लाटा माहीत नव्हत्या, त्यामुळे ते त्याला पटवून देता आलं नाही.

गंमत पुढेच आहे. एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० आणली त्याच १९८३ साली यामाहाने परदेशात आरडी ३५० वायपीव्हीएस आणली. तिच्या एक्झॉस्टच्या खिडकीच्या वरच्या कडेला एक फिरता दट्ट्या होता. छोटी मोटर तो फेऱ्यांप्रमाणे फिरवी, म्हणजे खाली खिडकी बुटकी आणि वर उंच. एकाच ब्लॉकमध्ये एचटी आणि एलटी दोन्ही. आपण ज्या प्रश्नावर पुढची चाळीस वर्षं भांडलो, तो तिथे गाडीच्या जन्माच्या वर्षीच सुटलेला होता. उस्तादांच्या गॅरेजात ही बातमी कोणाला नव्हती. असती तरी रविवारची बैठक मोडली नसती म्हणा.

असे वाद फक्त आपल्याकडेच होतात असंही नाही. पोर्शे ९११ जीटी३ ही शर्यतीच्या ट्रॅकसाठी घडवलेली मोटार १९९९ मध्ये आली. तिच्या कोणत्या पिढीला श्रेष्ठ म्हणावं यावर जगभर हमरीतुमरी चालते. पहिल्या दोन पिढ्यांत हान्स मेझगर या इंजिनिअरच्या नावाने ओळखलं जाणारं, शर्यतीच्या गाड्यांतून उतरलेलं इंजिन होतं. २०१३ ची तिसरी पिढी त्यांच्यापेक्षा ताकदवान होती, पण इंजिन नवं, स्टिअरिंग विजेचं, आणि हाताने गिअर टाकायची सोयच काढलेली. जुने चाहते बिथरले. २०१७ मध्ये कंपनीला हातचे गिअर परत द्यावे लागले. २०२१ च्या पिढीने न्यूरबुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब फेरा सात मिनिटांच्या आत संपवला, तरी पहिल्या पिढ्यांचे लोक हटले नाहीत. घड्याळ मोजणारा आणि हाताला काय जाणवतं ते मोजणारा, दोघांची मोजपट्टीच वेगळी. नव्या पिढीने जुनीला हरवलं हे एकाला दिसतं, दुसऱ्याला ते दिसतही नाही.

राजदूतच्या बाबतीत तिसरी मोजपट्टी हवी, ती म्हणजे थांबण्याची. जपानी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक आपल्याकडे आला नाही, ड्रम आला. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. साठच्या वेगाला जे लागतं त्याच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्तच ऐंशीला लागतं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर, जिथे या गाड्या शर्यतीत पळाल्या, तिथे समोर बस येत नव्हती. मुंबईत गाड्यांच्या शर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. महालक्ष्मीला आहे तो घोड्यांचा. इथे होता तो वडाळा ते शीव, शीव ते दादर, सिग्नल ते सिग्नल, आणि पावसात डांबरावरचं तेल. एचटीवाल्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मला मान्य आहे. शर्यतीसाठी जन्मलेल्या गाडीचा गळा आवळणं हा तिचा अपमानच, आणि सहा हजारांपुढे एचटी जे गाते ते एलटी गात नाही. मी दोन्ही चालवल्या आहेत. एचटीवरून उतरल्यावर हात थरथरत होते आणि परत बसावंसं वाटत होतं. पण ब्रेक तेच, टायर तसेच आणि रस्ता हाच असेल, तर या शहरासाठी केलेली राजदूत ३५० एलटी आहे. श्रेष्ठ कोणती असं विचाराल तर मी तिचं नाव घेतो. पदरात पडली म्हणून घेत नाही, कारण माझ्या पदरात ती आत्ता पडली आहे.

आणखी एक गोष्ट, आणि तिची मला जास्त काळजी आहे. एलटीला कमी मानल्यामुळे तिचे ब्लॉक सर्रास घासले गेले. सायलेन्सर कापले गेले, काही गाड्या तर नुसत्या सुट्या भागांसाठी फोडल्या गेल्या. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारात मी न घासलेला एलटी ब्लॉक शोधत हिंडलो. मला मिळालेले सगळे कोणी ना कोणी सुधारलेले होते. आज हौशी लोक लाखांत पैसे मोजून ‘एचटी’ घेतात, आणि त्यांतल्या काही मुळात घासलेल्या एलटी असतात. पुढे कोणाला कारखान्यातून एलटी नेमकी कशी निघत होती हे पाहायचं झालं, तर पाहायला काही राहणार नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पण मला ती सहा हजारांवरची लाथ एकदा तरी खायची आहे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या वयाचा असताना मलाही नव्हतं.

मग तोडगा निघाला. भंगारातून आणलेल्या, आधीच कोणीतरी घासलेल्या दोन ब्लॉकना नवं बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून ते गाडीवर चढवायचे. कोळीवाड्याचे उस्ताद आता थकले आहेत, काम त्यांचा मुलगा करतो. दादाचे मूळ ब्लॉक काढले तेव्हा उस्ताद खुर्ची ओढून जवळ बसले. एक्झॉस्टच्या खिडकीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "इसको किसीने हाथ नहीं लगाया," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तेरा भाई बोलता था."

ब्लॉक आता तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. वर चिठ्ठी चिकटवली आहे, त्यावर इंजिन नंबर आणि पुतण्याच्या अक्षरात तीन शब्द: एलटी, घासू नये.