गार तळ्यातून ऊब

४° सें. तापमानाच्या पाण्यात हात घातला, तर बोटे बधिर होतात. अशा पाण्यातून उष्णता काढून घर उबदार ठेवता येईल का? होय! झुरिचच्या नगरभवनासाठी १९३८ साली नदीच्या पाण्यावर चालणारा उष्णता-पंप बसवला गेला. थंड देशांतील काही हौशी मंडळी घराजवळच्या तळ्यावर असा पंप स्वतः उभारतात.

फ्रिज हाही उष्णता-पंपच. त्याच्या मागची जाळी गरम लागते, कारण आतल्या पदार्थांतून काढलेली उष्णता तेथे बाहेर पडते. पदार्थांच्या जागी तळे आहे आणि जाळी खोलीत आहे, अशी कल्पना करा. फ्रिजमधील द्रव शून्याखालीही उकळतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो तळ्याकडून घेतो. कॉम्प्रेसरने ती वाफ दाबली की तिचे तापमान चढते, आणि खोलीत तिचा पुन्हा द्रव होताना उष्णता मोकळी होते. उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही. त्यासाठी वीज खर्चावी लागते.

मग तळे केवढे हवे? समजा, घराला ६ किलोवॅट उष्णता हवी. त्यांपैकी २ किलोवॅट विजेतून आणि ४ किलोवॅट तळ्यातून येतात. १० मीटर लांब, १० मीटर रुंद व २ मीटर खोल तळ्यात २ लाख किलोग्रॅम पाणी मावते. ते १° ने थंड होताना ८,४०,००० किलोज्यूल उष्णता देते. सेकंदाला ४ किलोज्यूल उपसल्यास ती सुमारे ५८ तासांत संपते. तळाच्या जमिनीतून भर पडली नाही, तर ४° चे पाणी दहा दिवसांच्या आत शून्यावर येईल!

पुढे पाणी गोठतानाही किलोग्रॅममागे ३३४ किलोज्यूल मिळतात. पण बर्फ नळ्यांवरच जमतो. तो पाण्याहून हलका असल्याने नळ्या वर उचलल्या जातात. म्हणून नळ्यांना वजने बांधतात आणि त्यांतून गोठणरोधक मिसळलेले पाणी फिरवतात. नळ्या तळाशीच का? पाण्याचे असंगत आचरण आठवा. ४° चे पाणी सर्वांत जड. वर बर्फ असला तरी ते तळाशी राहते.

प्रयोगासाठी घरचा फ्रिज मात्र उघडू नका. त्यातील वायू दाबाखाली असतो. त्याऐवजी हे गणित करा: तेच तळे ४ मीटर खोल असते, तर किती दिवस पुरले असते?