चौथा भिडू हवा आहे

जेन कॉन या खेळांच्या मेळ्याला निघालेला नवखा मला हमखास विचारतो, ‘मला काहीच येत नाही, तिथे कोण बसवून घेणार?’ अहो, तिथे वाटच बघत असतात! मेंढीकोटाला चौथा भिडू मिळेना की शेजारच्या घरातून कुणाला तरी ओढून आणतात ना, अगदी तसं.

मी म्हणते तो भूमिका घेऊन खेळायचा खेळ बोलण्याचा आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. गेममास्टर प्रसंग उभा करतो, आपण काय करणार ते आपण सांगायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्सने 1968 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात जेन कॉन सुरू केलं, तेव्हा हा प्रकार नव्हताच. त्याचा आणि डेव्ह आर्नेसनचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ आला 1974 मध्ये. 2003 पासून हा मेळा इंडियानापोलिसला भरतो आणि हल्ली सत्तर हजारांवर माणूस लोटतं.

घरगुती खेळात तीच मंडळी वर्षानुवर्षं एकच गोष्ट पुढे नेत असतात. त्यात परका शिरणार कसा? त्यावर तोड म्हणजे ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाची ‘पाथफाइंडर सोसायटी’. पायझो कंपनीने ती 2008 मध्ये सुरू केली. चार-पाच तासांत संपणारी साहसकथा, टेबलाला साधारण चार ते सहा खेळाडू, नियम सगळीकडे सारखे. तुमच्या नावावर एक नंबर मिळतो. खेळ संपला की कमावलेला अनुभव आणि धन यांची नोंद होते. मग तेच पात्र घेऊन दुसऱ्या गावात, अनोळखी टेबलावरही बसता येतं. कागदपत्रांचा सोस म्हणून याला नावं ठेवणारे आहेत. ठेवोत बापडे. त्या नोंदींमुळेच तर परक्यांना एकमेकांवर विश्वास टाकता येतो.

पात्र बनवायची घाई करू नका, तयार पात्रं मिळतात. मी नवख्यांच्या हातात कायरा देते. ही सूर्यदेवी सारेनरेची पुजारीण, जखमा भरणारी. दर पाळीला तीन कृती करता येतात. तिच्या ‘हील’ मंत्रावर एक कृती खर्च केली तर हात लावून बरं करता येतं, दोन खर्चल्या तर तीस फुटांवरून आणि जास्त गुण येतो. तिन्ही खर्चल्या तर आसपासचे सगळे जिवंत बरे होतात. शत्रू जिवंत असेल तर तोही! माझ्या टेबलावर एका आजोबांनी नेमकं तेच केलं. शेजारचा शाळकरी पोरगा कपाळाला हात लावून म्हणाला, ‘आजोबा, तो लुटारूही उठला.’ आणि पुढच्याच पाळीला त्याने चौकटीच्या नकाशावर बोट ठेवून त्यांना कुठे उभं राहायचं ते शिकवलं.

मेळ्यात तुम्हाला हव्या त्या खेळाची तिकिटं संपली असली तरी हिरमुसू नका. साधं जेनेरिक, म्हणजे कुठल्याही खेळाला चालणारं तिकीट घेऊन टेबलांच्या नेमणुका होतात तिथे वेळेआधी उभं राहा. कुणीतरी झोपून राहतं, कुणी दुसऱ्याच हॉलमध्ये रमतं, आणि जागा रिकामी होते. रात्रीचा ‘स्पेशल’, म्हणजे कितीतरी टेबलं एकाच वेळी एकच लढाई खेळतात तो, मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका. त्या गलक्यात गेममास्टर काय बोलतोय ते जुन्या खेळाडूंनाही ऐकू येत नाही.