कपाटावरचा ठसा

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका घरात चोरी झाली. कपाट उघडे. सर्वांचा संशय घरकाम करणाऱ्या बाईंवर! पोलिसांच्या गुन्हे शाखेबरोबर अंगुलिमुद्रातज्ज्ञ येतात. बोटांवरील रेषा जन्मापूर्वीच तयार होतात. जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. कपाटावर घामाचा अदृश्य ठसा असतो. ब्रशने बारीक भुकटी लावली की ती त्याला चिकटते व रेषा दिसू लागतात. अशा ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले.

पण ठसा बाईंचाच निघाला, तर? त्या कपाट रोज पुसतात! स्पर्श कोणाचा, हे ठसा सांगतो. केव्हा व कशासाठी, हे तपासानेच ठरते. म्हणून मित्रांनो, अशा वेळी कशालाही हात लावू नका आणि घाईने कोणाला चोरही म्हणू नका.