सोमवार ते शनिवार पोर शाळेत काय शिकतं?

म्हशीनं आज किती दूध दिलं हे तुम्ही तोंडपाठ सांगता. भाताला खताचा दुसरा हप्ता कधी द्यायचा, हेही कुणाला विचारावं लागत नाही. पण तुमचं तिसरीतलं पोर या आठवड्यात शाळेत काय शिकलं, असं कुणी विचारलं तर? बहुतेक जण म्हणतील, "ते गुरुजींना ठाऊक!"

गुरुजींना ठाऊक असतंच. पण ते आपल्यालाही ठाऊक असायला हवं, आणि हिंजवडी परिसरात तर जास्तच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथं एमआयडीसीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं. हिंजवडी, माण, मारुंजी भागात जिथं नांगर चालत होते, तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीचे पैसे आले, कुणी बंगला बांधला, कुणी गाड्या घेतल्या. पण बापानं पोराला शेत द्यायचं, ही जुनी सोय अनेक घरांत संपली. आता पोराच्या हाती काय देणार? शाळेतला आठवडा म्हणूनच नीट बघायला हवा.

विषय वेगळे, धागा एक

पहिली-दुसरीला मराठी, गणित आणि इंग्रजी असते. इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. जोडीला चित्रकला, गाणी, हातकाम आणि खेळ. तिसरीपासून परिसर अभ्यासाची भर पडते. चौथीत शिवचरित्र शिकलेल्या तर आपल्या कितीतरी पिढ्या आहेत. हे सगळं वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना बसवलेलं दिसतं, पण पोराच्या डोक्यात ते एकत्रच शिजतं.

साधा गुंठ्याचा दाखला घ्या. हिंजवडीत हा शब्द चहाच्या टपरीवरही दिवसातून दहादा कानावर येतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. चौथीतलं पोर दोन अंकी गुणाकार शिकतं. तीस तेहेतीसा ९९०, तीन तेहेतीसा ९९, बेरीज १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. हे झालं गणित. तोच गुंठा सातबाऱ्यावर वाचायचा तर मराठी वाचन लागतं. त्यावर पडलेला पाऊस कुठल्या ओढ्यानं मुळा नदीला जातो, हा परिसर अभ्यास. आणि त्याचा नकाशा काढून बांध, विहीर, झाड दाखवायचं, ही चित्रकला.

दुपारच्या खिचडीतही गणित आहे. प्राथमिकच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. ६० पोरं हजर असतील तर तांदूळ किती शिजायला हवा? ६ किलो. हे उत्तर तिसरी-चौथीच्या पोराला आलं पाहिजे, आणि सरपंचालाही! चैत्री पौर्णिमेला म्हातोबाच्या यात्रेचं बगाड निघतं, त्यावर दहा ओळी लिहायला सांगा. पोर आपलं गाव मराठीत मांडायला शिकेल.

एक दिवस बुडाला, काय बिघडलं?

पुष्कळांना वाटतं, चार दिवस शाळा बुडाली तर काय मोठं आभाळ कोसळतंय? मुळशीच्या पश्चिमेला आवणीच्या दिवसांत थोरल्या पोरीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवतात. हिंजवडीकडं लग्नसराई, यात्रा, गावकी असते. पण आठवडा हा साखळीसारखा असतो. सोमवारी हातच्याची वजाबाकी शिकवली आणि पोर घरी राहिलं, तर पुढं भागाकार आला की ते अडतं. कारण भागाकारात पाढेही लागतात आणि वजाबाकीही. मग ते पोर फळ्याकडं बघत राहतं, मागच्या बाकावर सरकतं आणि एक दिवस म्हणतं, "मला शाळा नको." आपण म्हणतो, पोराचं डोकंच नाही. डोकं असतं हो, मधली एक कडी निसटलेली असते.

कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक आहे. म्हणजे सरासरी दिवसाला फक्त चार तास. त्यातले आपण किती बुडवतो, याचा हिशेब घरोघरी व्हावा.

जोतीरावांनी मागितलेली शाळा

गावच्या शाळेत काय शिकवावं, हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून येतो, पण रयतेच्या शिक्षणावर त्यातला फारच थोडा खर्च होतो, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. विषयही त्यांनी सांगितले होते : मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. आजच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा, बरंचसं जुळेल. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्यानं लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. इतक्या उशिरानं मिळालेली गोष्ट आपणच हातानं सोडायची का?

गावानं काय करावं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती सह्यांपुरती नाही. बैठकीत भिंतीचा रंग आणि कुंपण यावर बोलून झालं की एक प्रश्न जरूर विचारा : या महिन्यात कुठल्या वर्गाला काय अवघड गेलं? सरपंच, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत शाळेच्या हजेरीचा विषय घ्यावा.

आणखी एक. इमारतींच्या कामावर बाहेरगावाहून, परराज्यातून आलेल्या मजुरांची मुलं आपल्या आसपास राहतात. जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून त्यांचा प्रवेश अडवता येत नाही, असा कायदा आहे. गावानं त्यांना शाळेच्या दारापर्यंत आणावं. ज्यांच्या हातांनी या इमारती उभ्या राहतात, त्यांची पोरं वाळूच्या ढिगावर दिवस काढणार असतील, तर त्यात गावाला शोभा नाही.

आई-बापांनी फार काही करायचं नाही. तुम्हाला इंग्रजी येत नसेल, भागाकार विसरला असेल, तरी चालेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोराला जवळ बसवा, वह्या उघडायला सांगा आणि म्हणा, "या आठवड्यात काय शिकलास, मला शिकव." ते अडखळलं, तर रागावू नका. कुठं अडखळलं ते ध्यानात ठेवा आणि सोमवारी गुरुजींच्या, बाईंच्या कानावर घाला. उभ्या पिकात फेरी मारल्याशिवाय कीड दिसत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं!