गुडघ्याची दुहेरी दुरुस्ती

खासबागेत कुस्ती आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबासारख्या तालमींचा फुटबॉल. कोल्हापूरच्या या दोन्ही वेडांत धोक्याचा क्षण एकच: पाय जमिनीत रोवलेला आणि अंग गर्रकन वळलेले. अशा वेळी गुडघ्याला स्थिर ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध तुटू शकतो.

कुस्तीगीर विनेश फोगाटच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत एसीएलची शस्त्रक्रिया झाली. वर्षभरात तिने पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली; वजन किंचित जास्त भरल्याने ती अपात्र ठरली, तो भाग वेगळा.

मात्र अनेकदा अस्थिबंधासोबत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चाही खरवडते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती आपोआप भरून येणे कठीण.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध घेऊन नवा एसीएल बसवतात. कूर्चेचा खड्डा लहान असेल तर खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. हाडाच्या मज्जेतून रक्तासोबत येणाऱ्या पेशी तिथे जमून भर घालतात, पण ही भर मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. मोठ्या खड्ड्यासाठी रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपतात. स्वीडिश डॉक्टरांनी हे तंत्र 1994 मध्ये जगापुढे मांडले.

दोन्ही दुरुस्त्या शक्यतो एकत्र करतात, कारण डळमळत्या गुडघ्यात नवी कूर्चा पुन्हा घासली जाते.

त्यानंतर बरेचदा काही आठवडे कुबड्या आणि मैदानात परतायला किमान नऊ महिने लागतात. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन सूज आली, तर मालिशवाल्याकडे न जाता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.