खांबाचे फिरस्ते

जमिनीत पक्का रोवलेला आणि जमिनीपासून साडेआठ फुटांच्या आसपास वर उठलेला, बुडाशी जाड असून वर जाताना निमुळता होत गेलेला, आणि वर्षानुवर्षे एरंडेल मुरल्यामुळे अंगावर काळसर तकाकी चढलेला सागवानी किंवा शिसवी खांब उज्जैनच्या व्यायामशाळेत पहाटेच्या अंधूक उजेडात प्रथमच पाहणाऱ्या माणसाला, हे एक यंत्र आहे असे सांगितले तर ते खरे वाटणार नाही. त्याला चाक नाही, कळ नाही, दट्ट्या नाही. तरीही माणसाच्या देहातील स्नायू न् स्नायूची झडती घेणारे आणि आळस व भीती या दोहोंना क्षणात उघडे पाडणारे याहून साधे यंत्र आपल्या देशाने निर्माण केले असेल, असे मला वाटत नाही. खालचे जाड ते अंग, त्यावरची अरुंद ती मान आणि माथ्यावरचे वाटोळे ते बोंड, एवढेच या मल्लखांबाचे अवयव. बोंडावर एका पावलापुरती जागा असते आणि त्या जागेवर निश्चल उभे राहता यावे म्हणून मुले सात-आठ वर्षांच्या वयापासून खपतात.

खांबाशी पहिली ओळख हातांची होत नाही, पायांची होते. नवखा मुलगा हातांनी वर चढू पाहतो, आणि उस्ताद त्याला खाली घेऊन अढी शिकवतो. अढी म्हणजे दोन्ही पायांनी खांबाला घातलेली अशी मिठी, की हात सोडले, डोके खाली केले, तरी देह जागचा ढळू नये. आरंभीचे काही आठवडे मांडीची आतली बाजू आणि छाती सोलवटून लाल होते, अंघोळीचे पाणी लागले तरी आग होते. पुढे तेथली कातडी राठ होते आणि खांब परका वाटेनासा होतो. खांब कोरडा असला तर कातडे निघते आणि तेल अधिक झाले तर पकड सुटते. या दोहोंमधले प्रमाण तळहात फिरवून ओळखण्यात उस्तादाची निम्मी विद्या सामावलेली असते. अढीनंतर तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, देह दोऱ्यासारखा ओवून घ्यावा लागतो तो सुईदोरा, मग आसने आणि शेवटी देह तोलून धरण्याचे ताजवे, अशी चढती भाजणी असते. साखळीला टांगलेल्या मल्लखांबावर खांबच गरगर फिरतो, आणि दोरीच्या मल्लखांबावर पायाचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत सुती दोर धरून सारा देह तोलावा लागतो. स्पर्धेत हे सर्व दाखवण्यास मिळणारा अवधी जेमतेम दीड मिनिटाचा. दहा वर्षांची मशागत आणि दीड मिनिटाचे पीक, असा हा व्यवहार आहे.

ही विद्या प्राचीन आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या मेहनतीच्या प्रकरणी खांबावरील श्रमाचा उल्लेख येतो. मधल्या काळात ती लोप पावल्यासारखी झाली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी तिला पुनर्जन्म दिला. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन मातब्बर पैलवान पुण्याच्या दरबारात आव्हान देत आले, तेव्हा बाळंभटदादांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर आराधना केली, झाडांवर झेपावणारी माकडे पाहून त्यांना खांबाची युक्ती स्फुरली आणि परत येऊन त्यांनी मैदान मारले, अशी परंपरेची कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे खांबाचा जन्म कुस्तीची तयारी म्हणून झाला आणि त्याचे पोषण दरबारच्या अन्नावर झाले. 1818 साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ती गेले आणि त्यांच्यामागून ही विद्याही गंगाकाठी गेली. मोईन बंद झाली, खुराक बंद झाला, आणि ज्यांच्या अंगी विद्या होती ते शिष्य-प्रशिष्य आश्रयाच्या शोधात गावोगाव पांगले. खांबाच्या फिरस्त्यांची परंपरा येथून सुरू होते. बडोद्यास जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांचे व्यायाममंदिर, अमरावतीस 1914 साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, दादरला 1925 साली सुरू झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर, ही या पांगापांगीतून पुढे उभी राहिलेली ठाणी होत. अमरावतीकरांनी तर 1936 साली बर्लिनपर्यंत जाऊन भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली. राज्य गेल्यावर जी विद्या अनाथ व्हावयाची, ती तिच्या वाहकांच्या पायपिटीमुळे दहा ठिकाणी सनाथ झाली.

उज्जैन हे त्या ठाण्यांपैकी एक थोर ठाणे आहे. ज्या नगरीत श्रीकृष्ण आणि सुदामा सांदीपनींच्या आश्रमात एकत्र विद्या शिकले असे आपण मानतो, त्या नगरीला गुरुगृहाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. राणोजी शिंद्यांनी येथे आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळमंदिर बांधले, आणि 1810 साली दौलतरावांनी दरबार ग्वाल्हेरीस नेला तरी मराठी घरे क्षिप्राकाठी राहिली ती राहिलीच. महाराष्ट्रात आपण ज्याला वस्ताद म्हणतो त्याला माळव्यात उस्ताद म्हणतात, आपल्या मल्लखांबाला मलखंब म्हणतात. उच्चार बदलला, पण अढीची पकड तीच राहिली. येथील अच्युतानंद प्रासादिक व्यायामशाळेने, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या गुरुआखाड्याने, आणि बमशंकर जोशी यांच्यासारख्या तळमळीच्या कार्यकर्त्यांनी या विद्येला स्पर्धेचे नियम व देशव्यापी संघटना मिळावी म्हणून कष्ट घेतले. 1958 साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धांत पाहुण्यासारखा प्रवेश मिळालेल्या मल्लखांबाची स्वतःची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1981 साली भरली, ती उज्जैन येथेच. 2013 साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांब हा राज्याचा अधिकृत खेळ म्हणून घोषित केला, त्यामागे या शहराची पुण्याई मोठी आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्यास बसलो, तिच्याकडे वळतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये इश स्मिथ नावाचा एक खेळाडू होऊन गेला. 2010 च्या निवडीत एकाही संघाने त्याला पसंत केले नव्हते. असामान्य ताऱ्यांत त्याची गणना कधी झाली नाही, उंचीही त्या खेळाच्या मानाने बेताचीच. परंतु तो एका संघातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरत राहिला, तेरा निरनिराळ्या संघांकडून खेळला, हा त्या स्पर्धेतील विक्रमच ठरला, आणि 2023 साली डेन्व्हरच्या संघाबरोबर विजेतेपदाचा धनीही झाला. त्याच्या सचोटीचे आणि चिकाटीचे कौतुक आहेच. पण मला त्याहून अधिक कौतुक वाटते ते त्या व्यवस्थेचे, जिच्यात मधल्या फळीच्या कारागिरालाही तेरा वेळा बिऱ्हाड हलवून तेरा वेळा सन्मानाचा तनखा मिळू शकतो. आपल्याकडील बास्केटबॉलपटूला असा बाजार नसला तरी रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा आस्थापनांचे संघ आहेत. खेळाच्या बळावर नोकरी मिळते आणि गुडघे थकल्यावरही ती सुटत नाही.

मल्लखांबपटूची कारकीर्द याच्याशी ताडून पाहावी. तोही फिरस्ता आहे. पण त्याला विकत घेणारा संघ नाही, वर्षाचा करार नाही, हंगामाचे वेळापत्रक नाही. बालपणी तो आंतरशालेय स्पर्धांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडतो, तारुण्यात विद्यापीठाच्या आणि राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धांना जातो, आणि पंचविशीच्या पुढे सांधे कुरकुरू लागले की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की आता काय? मग गणेशोत्सवाच्या आणि राज्यस्थापनादिनाच्या सोहळ्यांत प्रात्यक्षिके करून मिळेल ती बिदागी घ्यावी, एखाद्या शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवावे, रंगमंचावर चमूसह कसरती दाखवाव्यात, असा त्याचा क्रम चालतो. छत्तीसगडच्या अबूझमाडातील आदिवासी मुलांच्या मल्लखांब चमूने 2023 साली दूरचित्रवाणीवरील ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही स्पर्धा जिंकली, तेव्हा देशाने तोंडात बोटे घातली. परंतु टाळ्यांचा गजर ओसरल्यानंतर त्या वयाच्या शेकडो मुलांनी पोटासाठी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर टाळ्यांत नसते.

असे असूनही ही विद्या टिकली, ती कोणामुळे? अर्थात काही नावे लखलखतात. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्याच खटपटीने 2019 साली शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धाही भरली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्यात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध करून ही विद्या शब्दबद्ध केली, तो उपकार तर फेडता येण्यासारखा नाही. परंतु ग्रंथातील आकृती पाहून कोणाला अढी आली आहे काय? मूल वरून निसटते त्या क्षणी त्याच्या कमरेखाली जो हात येतो, तो ज्याने स्वतः कधी राष्ट्रीय पदक जिंकले नाही अशा एखाद्या अप्रसिद्ध माणसाचा असतो. दिवसा कचेरीत किंवा दुकानात राबून सकाळ-संध्याकाळ तो आखाड्याचे कुलूप उघडतो, खांबाला तेल लावतो, दोर तपासतो, आणि शेजारच्या तालुक्यातून बोलावणे आले की रविवारी एसटीने तेथे जाऊन नवा खांब पुरून येतो. विजेता एक असतो. विद्या मात्र अनेकांच्या पाठीवरून प्रवास करते. पेशवाई बुडाल्यानंतर जे घडले तेच आजही घडत आहे, आणि तसे घडवणारे फिरस्ते आजही मोईनीवाचून आहेत.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मध्य प्रदेशाने मल्लखांबपटूंसाठी पत्रकार प्रभाष जोशी यांच्या नावे पुरस्कार ठेवला आहे. 2023 च्या आरंभी खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धा त्या राज्यात झाल्या, तेव्हा मल्लखांबाचे मैदान उज्जैनलाच मिळाले. आणि या सर्वांहून महत्त्वाचा मला वाटतो तो 2020 च्या सप्टेंबरातील केंद्र सरकारचा हुकूम, ज्यान्वये क्रीडागुणांवर नोकरीस पात्र ठरणाऱ्या खेळांच्या यादीत वीस नवे खेळ दाखल होऊन ती संख्या 43 वरून 63 झाली, आणि त्या विसांत मल्लखांब होता. दरबारच्या दफ्तरातून 1818 साली जे नाव वगळले गेले, ते दोनशे वर्षांनी पुन्हा सरकारी दफ्तरात चढले, असे त्याचे वर्णन केले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

मात्र यादीत नाव चढणे ही मिठीची पहिली अढी झाली, ताजवा अजून दूर आहे. पात्रता म्हणजे पद नव्हे. पदक जिंकणाऱ्या पहिल्या तिघांना नोकरी मिळेलही. पण चौथा, सातवा, दहावा, ज्याच्या हातून पुढची पिढी घडावयाची आहे, त्याच्यासाठी प्रत्येक जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात आणि निदान तालुक्याच्या एका शाळेत मल्लखांब-शिक्षकाचे कायम पद हवे, त्याला अपघातविम्याचे छत्र हवे, आणि कार्यक्रमाच्या बिदागीवर त्याची चूल अवलंबून राहू नये. महाराष्ट्राने, ज्याच्या भूमीत या विद्येचा पुनर्जन्म झाला, या बाबतीत माळव्याच्या मागे राहणे शोभणारे नाही. वाचक कधी महाकालाच्या दर्शनास उज्जैनला गेले, तर त्यांनी भल्या पहाटे एखाद्या आखाड्यातही डोकावावे, बोंडावर उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहावे, आणि त्यानंतर खाली, दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे. आपल्या गावात तसा एक खांब आणि तसा एक माणूस असावा, याची खटपट परत आल्यावर प्रत्येकाने करावी, एवढीच विनंती.