खुणा कुठे गेल्या?

शाळेच्या संगणकावर क्रोममध्ये जपलेले बुकमार्क घरी दिसेनात, तर घाईने पुसापुशी करू नका. आधी दोन्हीकडे खाते एकच आहे ना, ते पाहा. बहुधा गफलत तिथेच निघते. मग सेटिंगमध्ये बुकमार्कचे सिंक चालू आहे का, ते तपासा. खाते उघडण्यापूर्वी केलेल्या खुणा कधी कधी नुसत्या त्या यंत्रावरच राहतात.

सिंकला मात्र कोणी राखीव प्रत समजू नये. एकीकडे खूण पुसलीत की दुसरीकडचीही जाते! तेव्हा पहिल्याप्रथम बुकमार्क मॅनेजरमधून 'एक्स्पोर्ट' करून एचटीएमएल फाइल पेनड्राइव्हवर घ्या. सिंकसाठी निराळा सांकेतिक शब्द ठेवून तो विसरलात, तर गूगललाही तो सांगता येत नाही. खात्यातला साठा पुसून पुन्हा भरावा लागतो, आणि तेव्हा ती फाइलच कामी येते.